हरताळ आणि सोमल

गेल्या भाद्रपदांत पावसानें चार दिवस उघडीप दिली, तेव्हां माळ्यावरच्या पेटींतील जुन्या पोथ्या खालीं काढाव्या असें आमच्या मनांत आलें. पेटी सागवानी, तिला पितळी कडी, आंत लाल फडक्यांत बांधलेल्या सात-आठ पोथ्या. त्यांपैकीं एकीचें बासन सोडतांच पिठासारखी बारीक भुकटी मांडीवर सांडली, आणि कसर लागली आहे हें सांगावयास दुसरें कोणी नको झालें. पानें एकेक उचलून पाहतां पाहतां एक चमत्कार मात्र दृष्टीस पडला. ज्या कोणा भल्या माणसानें ही पोथी उतरून काढली त्याच्या हातून जागोजाग चुका झाल्या होत्या; त्या त्यानें त्या काळच्या रीतीप्रमाणें पिवळा लेप देऊन झांकून टाकल्या होत्या. किड्यांनीं भोंवतालच्या कागदाची चाळण केली होती, पण त्या पिवळ्या पट्ट्यांना तोंड लावलें नव्हतें. बरोबर लिहिलेलें पुष्कळसें किड्यांच्या पोटांत गेलें, आणि चुकलेलें तेवढें शाबूत राहिलें!

तो पिवळा लेप हरताळाचा. एखाद्याच्या कष्टांवर ‘हरताळ फासला’ असें आपण म्हणतों तें या लेपावरूनच. (बाजारपेठा बंद ठेवतात तो हरताळ निराळा, ‘हाट’ म्हणजे बाजार आणि त्याला लावलेलें टाळें यांवरून तो शब्द आला असें सांगतात. दोहोंची गल्लत करूं नये.) हरताळ हा खाणींत सांपडणारा पिवळाधमक पदार्थ, गंधक आणि एक विषारी मूलद्रव्य यांच्या संयोगानें तो बनतो. त्याच मूलद्रव्याचा प्राणवायूशीं संयोग झाला म्हणजे जी पांढरी पूड होते तिला आपण सोमल म्हणतों. हरताळ सोमलाइतका जहाल नाहीं, कारण तो पाण्यांत सहसा विरघळत नाहीं. पण वर्षानुवर्षें उजेडांत राहिला तर त्याचें हळूहळू सोमलांतच रूपांतर होऊं लागतें.

ही पोथी आम्हीं लहानपणीं आजोबांच्या मांडीला मांडी लावून पाहिली आहे. चातुर्मासांत ते ती रोज वाचीत, आणि प्रत्येक पान उचलण्यापूर्वीं उजव्या हाताचें बोट जिभेला लावीत. ते नव्वदी ओलांडून गेले, तेव्हां त्यांना त्यापासून कांहीं अपाय झाला असें म्हणण्याचा आमचा हेतु नाहीं. परंतु जी वस्तु किड्यांपासून वांचली ती विषामुळें वांचली, आणि तें विष अजून तिच्यावर आहे, ही गोष्ट एकदां ध्यानांत आली म्हणजे मनांतून जात नाहीं. वस्तु टिकविण्यासाठीं तिला विष चारावें ही कल्पना केवळ आमच्या पोथीवाल्यांची नव्हे. युरोप-अमेरिकेंतील मोठमोठ्या संग्रहालयांचा गेल्या अडीचशें वर्षांचा वृत्तांत पाहिला, तर तो पुष्कळ अंशीं विषांचाच वृत्तांत आहे. किडे मेले, विष राहिलें. आणि राहिलेल्या विषाचें काय करावें हा प्रश्न आज त्या संग्रहालयांच्या दारांत उभा आहे.

त्याचा आरंभ पाहावयाचा तर एका पक्ष्यापासून केला पाहिजे. इंग्लंडांत ऑक्सफर्ड येथें डोडो पक्ष्याचें एक मस्तक व एक पाय जपून ठेविला आहे. मॉरिशस बेटावरचा हा थोराड, न उडणारा पक्षी सतराव्या शतकाच्या उत्तरार्धांत पृथ्वीवरून नाहींसा झाला. लंडनजवळ लँबेथ येथें ट्रॅडेस्कंट नांवाच्या बापलेकांनीं देशोदेशींच्या अजब वस्तूंचा संग्रह केला होता. दोघेही व्यवसायानें बागवान. त्या संग्रहाची यादी १६५६ सालीं छापून निघाली, तींत या डोडोची नोंद आहे. पुढें तो संग्रह इलायस अ‍ॅशमोल याच्या हातीं आला, त्यानें तो ऑक्सफर्डच्या विद्यापीठास दिला, आणि १६८३ सालीं तेथें सर्वांना खुलें असें संग्रहालय निघालें. डोडोही तेथें गेला. सत्तरएक वर्षांनीं, १७५५ सालीं, संग्रहालयाच्या पंचांनीं पाहणी केली तेव्हां त्याची दशा पाहवत नव्हती. जुनी कथा अशी सांगतात कीं पंचांनीं तो आगींत टाकण्याचा हुकूम केला, आणि कोणा दयाळू माणसानें ज्वाळांतून डोकें व पाय ओढून काढले. अलीकडचे संशोधक म्हणतात कीं जाळपोळ वगैरे कांहीं झाली नाहीं; बाकीचें शरीर सडून व कुरतडून गेलेंच होतें, जें टिकण्याजोगें होतें तें वेगळें काढून ठेविलें इतकेंच. आम्हांला ही दुसरी हकीकत पहिलीपेक्षां अधिक दुःखाची वाटते. आगीचा दोष एखाद्या माणसावर तरी टाकतां येतो. येथें सत्तर वर्षें दिवसाढवळ्या, सर्वांच्या देखत, एक पक्षी हळूहळू खाल्ला जात होता. आज डोडोच्या कातडीचा जो कांहीं अवशेष जगांत आहे तो त्या एका पक्ष्याचा.

खाणारे कोण होते? त्यांचा म्होरक्या म्हणजे मोहरीहून थोडा मोठा, ठिपकेदार पाठीचा एक भुंगेरा. स्वीडनचा थोर सृष्टिशास्त्रज्ञ लिनीयस यानें १७६१ सालीं त्याला लॅटिन भाषेंत जें नांव दिलें त्याचा अर्थ ‘संग्रहालयांचा’ असा होतो. शास्त्रज्ञांनाही कधीं कधीं विनोद सुचतो तो असा. या भुंगेऱ्याचा प्रौढ अवतार अगदीं निरुपद्रवी. तो फुलांवर बसतो, पराग खातो, ऊन्ह खातो. पण त्याची मादी खिडकींतून आंत येऊन अंधाऱ्या कोपऱ्यांत अंडीं घालते, आणि त्यांतून निघणारी केंसाळ अळी पिसें, लोंकर, केंस, कातडें, फार काय टांचणीला टोंचून ठेवलेले दुसरे कीटकसुद्धां फस्त करते. लोंकरी कपड्यांत पडणारा पतंग तिचा भाऊबंद. कागदाचे शत्रु निराळे. रुपेरी अंगाची, दिवा लावतांच सुळकन् पळणारी आपली कसर हिला लिनीयसनें साखरेवरून नांव दिलें, कारण तिला खळ आणि पीठ यांची भारी गोडी. आणि पुस्तकांना आरपार भोंकें पाडणाऱ्या एका भुंगेऱ्याला त्यानें पावावरून नांव दिलें, कारण तो भटारखान्यांतही तितकाच सुखानें नांदतो. वाळवीचें वर्णन मराठी वाचकांपुढें करण्याचें कारण नाहीं.

अठराव्या शतकांत फ्रान्समध्यें पक्ष्यांचे संग्रह करण्याची हौस सुरू झाली. श्रीमंतांच्या दिवाणखान्यांत कांचेच्या कपाटांतून रंगीबेरंगी पक्षी मांडलेले असत, आणि चार-पांच वर्षांत त्यांच्या पायांखालीं पिसांचा चुरा पडलेला असे. रेओम्यूर या विख्यात शास्त्रज्ञानें पक्षी भट्टींत वाळवून पाहिले. दुसऱ्यांनीं गंधकाची धुरी देऊन पाहिली. धुरीनें किडे मरत खरे, पण पिसांचे रंगही उडत, आणि धूर विरला कीं नवे किडे येत. अशा वेळीं मेत्झ शहरांतील बेकूर नांवाच्या एका औषधविक्यानें एक साबण तयार केला. त्यांत कोणकोणतीं द्रव्यें होतीं? साबण, कापूर, चुना, एक प्रकारचा खार, आणि सोमल. पहिलीं चार कोणत्याही घरांत सांपडतील. पांचव्यांत सारें रहस्य. पक्ष्याचें कातडें सोलून त्याला आंतून हा साबण चोपडावयाचा आणि मग भुसा भरावयाचा. बेकूरचे पक्षी टिकत आणि इतरांचे टिकत नसत. पण त्यानें आपली कृति कोणास सांगितली नाहीं. १७७७ सालीं तो वारला. १८०० च्या सुमारास ती कृति छापून प्रसिद्ध झाली, पॅरिसच्या मोठ्या संग्रहालयानें ती उचलली, आणि पुढें दीडशें वर्षांहून अधिक काळ जगांतील बहुतेक सर्व पक्षी, पशु आणि कातड्याच्या वस्तु यांना सोमलाचें अभ्यंग घडत राहिलें.

या साबणाची निंदा करणें आज सोपें आहे. आम्ही ती करणार नाहीं. एकोणिसाव्या शतकांतील पक्ष्यांचीं जीं लक्षावधि कातडीं आज संग्रहालयांच्या खणांत शिल्लक आहेत तीं बऱ्याच अंशीं या सोमलाच्या पुण्याईनें आहेत. आणि कोणता पक्षी कोठें होता, कोणता नष्ट झाला, याचा निवाडा त्यांवरूनच होतो. त्या काळींही याला विरोध करणारे होतेच. चार्ल्स वॉटर्टन नांवाच्या विक्षिप्त इंग्रज प्रवाशाला सोमलाचा तिटकारा असे. पण तो स्वतः त्याऐवजीं काय वापरी? रसकापुराचें पाणी! आगींतून फुफाट्यांत म्हणतात तें हेंच. रसकापूर म्हणजे पाऱ्याचें विष. वनस्पति वाळवून कागदावर चिकटवून ठेवतात त्या संग्रहांत तर रसकापुराचीच चाल पडली, आणि आपल्या देशांतील वनस्पतिसंग्रहांतही ती आली.

सोमल असला म्हणजे निश्चिंत राहावें असेंही नव्हतें. याचें एक उदाहरण आपल्या राष्ट्रीय इतिहासाशीं जोडलेलें आहे. अ‍ॅलन ऑक्टेव्हियन ह्यूम हें नांव राष्ट्रीय सभेचा एक संस्थापक म्हणून सर्वांना ठाऊक आहे. १८८५ च्या डिसेंबरांत मुंबईस गोकुळदास तेजपाळ पाठशाळेंत सभेचें पहिलें अधिवेशन भरलें. पण त्या सालापर्यंत हिंदुस्थानांतील पक्षी हाच ह्यूमसाहेबांच्या आयुष्याचा ध्यास होता. सिमल्यास आपल्या बंगल्यांत त्यांनीं पक्ष्यांचें जें संग्रहालय उभें केलें होतें तसें खाजगी संग्रहालय आशियांत दुसरें नव्हतें. या विषयावर एक महाग्रंथ लिहावयाचा म्हणून त्यांनीं पंचवीस वर्षें टिपणें जमविलीं होतीं; तीं एका हिंवाळ्यांत ते बाहेरगांवीं असतांना त्यांच्या नोकरानें बाजारांत रद्दीच्या भावानें विकून टाकलीं. ह्यूमसाहेबांचा धीर सुटला. पुढें अतिवृष्टीनें संग्रहालयाच्या इमारतीलाही धक्का बसला, आणि १८८५ सालीं त्यांनीं सारा संग्रह लंडनच्या ब्रिटिश म्युझियमला देऊन टाकला. ब्याऐंशीं हजार नमुने, देवदाराच्या ४७ पेट्या. बैलगाड्यांतून त्या कालक्यास उतरल्या आणि मुंबई बंदरांतून विलायतेला गेल्या. पण हे ब्याऐंशीं हजार कशांतून उरले? त्यापूर्वीं सुमारें वीस हजार कातडीं भुंगेऱ्यांनीं पोखरलीं म्हणून ह्यूमसाहेबांना स्वतःच नष्ट करावीं लागलीं होतीं. सोमल असतो तो कातड्याच्या आंतल्या बाजूस. पिसें बाहेर असतात, आणि अळी बाहेरून सुरुवात करते. ती साबणाची पाककृति वाचून येत नाहीं.

ह्या वीस हजार पक्ष्यांची गोष्ट आम्हीं वाचली तेव्हां आम्हांला आमचीं दफ्तरें आठवलीं. विष्णुभट गोडशांच्या पिढीपासून राजवाड्यांच्या पिढीपर्यंत महाराष्ट्रांत वाड्यावाड्यांच्या माळ्यांवर मोडी कागदांचे रुमालच्या रुमाल पडून होते. राजवाडे, वासुदेवशास्त्री खरे, पारसनीस यांनीं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ते धुंडाळावयास सुरुवात केली. १८९८ सालीं राजवाड्यांचा ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ याचा पहिला खंड निघाला, आणि १९१० सालीं पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झालें. जे कागद त्यांच्या हातीं लागले त्यांचा इतिहास झाला. जे त्यांच्या आधीं वाळवीच्या हातीं लागले त्यांत काय होतें हें आतां कोणास विचारावें?

असो. विषांची परंपरा पुढें वाढतच गेली. डांबराच्या गोळ्या आल्या. त्यांचा वास येत नाहीं असें जुनें संग्रहालय आमच्या पाहण्यांत नाहीं. हवाबंद खोल्यांत विषारी वायु सोडण्याची पद्धत आली. १९३९ सालीं स्वित्झर्लंडचा पॉल म्यूलर यानें डीडीटीचा कीटकनाशक गुण शोधून काढला, आणि १९४८ सालीं त्याला नोबेल पारितोषिक मिळालें. ती पांढरी पूड शेतांत पडली, घरांत पडली, तशी संग्रहालयांच्या कपाटांतही पडली. प्रत्येक नवें विष आलें तेव्हां हेंच शेवटचें असें वाटलें. मेथिल ब्रोमाइड हा वायु फार नांवाजलेला होता; तो आकाशांतील ओझोनचें आवरण विरळ करतो असें निघालें, आणि आंतरराष्ट्रीय करारानें पुढारलेल्या देशांत २००५ सालापासून, कांहीं अपवाद सोडले तर, त्याचा वापर थांबला.

राहिलेल्या विषाची खरी किंमत काय, हें दाखविणारी हकीकत अमेरिकेंतील आहे, आणि आमच्या मतें या साऱ्या वृत्तांताचा तो गाभा आहे. अमेरिकेच्या मूळ रहिवाशांचे देवक, मुखवटे, पूजेचीं उपकरणें एकोणिसाव्या व विसाव्या शतकांत संग्रहालयांनीं गोळा केलीं. कांहीं विकत घेऊन, कांहीं ज्या मार्गांनीं जेते जितांच्या वस्तु घेतात त्या मार्गांनीं. १९९० सालीं तेथील सरकारनें कायदा केला कीं मागणी आल्यास अशा पवित्र वस्तु ज्या त्या जमातीला परत द्याव्या. ॲरिझोनांतील होपी लोकांच्या कांहीं पवित्र वस्तु त्याप्रमाणें परत आल्या. होपींच्या दृष्टीनें त्या निर्जीव प्रतिमा नव्हेत. त्या सजीव आहेत, त्यांना घरांत ठेवावें, समारंभांत हाताळावें, अंगावर धारण करावें, असा त्यांचा धर्म. आणि तपासणी केली तेव्हां त्यांवर सोमल सांपडला. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांची वाट पाहिली ते घरीं आले, आणि त्यांना हात लावतां येईना! संग्रहालयांनीं त्या वस्तु प्रामाणिकपणें जपल्या होत्या, यांत शंका नाहीं. पण जपतांना त्या पुन्हां कधीं कोणी वापरील ही कल्पनाच त्यांच्या मनांत नव्हती. कोणत्या वस्तूला कधीं काय चोपडलें याची नोंदही पुष्कळ ठिकाणीं ठेविलेली नाहीं. म्हणून आतां हातांत धरण्याजोगें क्ष-किरणांचें यंत्र प्रत्येक वस्तूवर फिरवून विष आहे कीं नाहीं हें पाहावें लागतें. आणि तें आहे असें ठरलें तरी पिसांतून, लोंकरींतून तें निःशेष काढण्याचा खात्रीचा उपाय नाहीं.

मग आज शहाणीं संग्रहालयें काय करतात? पहिली गोष्ट म्हणजे तीं पाहतात. खिडकीच्या कडेला, कपाटाखालीं, कोपऱ्यांत चिकट कागदाचे लहान सांपळे ठेवतात, आणि दर कांहीं आठवड्यांनीं त्यांत कोण व किती अडकले याची मोजदाद करतात. ती वही म्हणजे त्यांचें पंचांग. कोणत्या महिन्यांत, कोणत्या दालनांत, कोणता पाहुणा येतो हें त्यावरून कळतें. दारांच्या फटी बुजवितात, खिडक्यांना जाळ्या लावतात, फुलांचे गुच्छ आणि खाण्याचे पदार्थ दालनाबाहेर ठेवतात, केर मन लावून काढतात. केर काढणारा नोकर हा त्या व्यवस्थेंत क्युरेटरइतकाच मोलाचा माणूस ठरतो. नवी वस्तु आली तर ती तडक आंत नेत नाहींत. कांहीं दिवस वेगळी ठेवून तिच्याखालीं भुकटी पडते का हें पाहतात. आणि कीड लागलेलीच आढळली तर वस्तु पिशवींत बंद करून शून्याखालीं तीस अंशांच्या थंडींत तीन-चार दिवस, किंवा वीस अंशांच्या थंडींत दोन आठवडे ठेवतात. ज्या वस्तूला थंडी सोसत नाहीं ती हवाबंद आवरणांत घालून आंतला प्राणवायु काढून नत्रवायु भरतात. तीन-चार आठवड्यांत किडे, अळ्या, अंडीं सारीं गुदमरून जातात. दोन्ही उपायांत वस्तूवर मागें कांहीं राहत नाहीं. सोमल नवा किडाही मारतो, थंडी मारीत नाहीं, हें खरें. म्हणून सांपळ्यांची वही कधीं मिटतां येत नाहीं.

बुरशीची गोष्ट याहून बिकट. किडा बाहेरून येतो. बुरशीचें बीज हवेंत सर्वत्र असतेंच, आणि तें केवळ ओलीची वाट पाहत बसलेलें असतें. हवेंतील आर्द्रता शेंकडा पासष्टांच्या खालीं राहिली तर तें सहसा रुजत नाहीं. आतां आषाढ-श्रावणांत आपल्या कोंकणपट्टींत ही आर्द्रता आठवडेच्या आठवडे ऐशींच्या वर असते, हें ध्यानांत घेतलें म्हणजे विलायती पुस्तकांतील नियम येथें जसेच्या तसे कां चालत नाहींत तें कळेल. बुरशी मारण्याचेही उपाय झाले. ईजिप्तच्या दुसऱ्या रामसेस राजाच्या तीन हजारांहून अधिक वर्षें टिकलेल्या देहाला कैरोच्या संग्रहालयांत बुरशी लागली, तेव्हां १९७६ सालीं तो पॅरिसला नेण्यांत आला, आणि पुढच्या वर्षीं त्यावर गॅमा किरण सोडून ती मारण्यांत आली. राजाला तें सोसलें. पण कागदाला असले किरण सोसत नाहींत, त्याचे तंतु ठिसूळ होतात. आपल्याकडील दफ्तरखान्यांत एक साधा उपाय पुष्कळ दिवस चालला: बंद पेटींत ओंव्याचें फूल ठेवून खालीं विजेचा दिवा लावावयाचा, त्याच्या उष्णतेनें फुलाची वाफ होते आणि कागदांवरची बुरशी मरते. पण कागद पेटींतून काढून पुन्हां दमट खोलींत ठेवले तर दुसऱ्या पावसाळ्यांत ये रे माझ्या मागल्या. बुरशीला मारण्यापेक्षां खोलींतील हवा खेळती ठेवणें, फडताळ भिंतीपासून वीतभर दूर सरकविणें आणि गळकें कौल वेळेवर बदलणें हेंच कामास येतें.

येथें कोणी म्हणेल, आमच्या पूर्वजांना हें सर्व ठाऊक होतें. थोडें होतें, थोडें नव्हतें. तंजावरच्या सरस्वतीमहाल ग्रंथालयांत, जें मराठे राजे दुसरे सरफोजी यांनीं भरभराटीस आणलें, वेखंड, लवंग, दालचिनी, मिरीं, कापूर यांच्या पुरचुंड्या ग्रंथांत ठेवण्याची चाल आहे. अशा उग्र वासांनीं किडे कांहीं काळ दूर राहतात. मरत नाहींत, आणि वास उडाला कीं परत येतात. पुरचुंडी दर कांहीं महिन्यांनीं बदलावी लागते, आणि ती बदलतांना ग्रंथ उघडला जातो, झाडला जातो, पाहिला जातो. आमचा असा समज आहे कीं अर्धा गुण त्या हाताळण्याचा असावा. कडुनिंबाचा पाला तर कित्येक लोक ओलाच पोथींत खुपसतात; त्यानें ओल मात्र आंत जाते. लाल फडक्याला किडे भितात ही समजूतही अशीच. आमच्या मतें श्रेय रंगाचें नसून गांठीचें आहे. आवळून बांधलेल्या बासनांत बाहेरची दमट हवा सावकाश शिरते, धूळ जात नाहीं, आणि पानें वांकत नाहींत. जुने लेखक पोथीच्या शेवटीं वाचकाला हात जोडून सांगत कीं हिला तेलापासून राख, पाण्यापासून राख, ढिल्या बांधणीपासून राख. त्यांना रोग नेमका कळला होता. पुण्याच्या पेशवे दफ्तराचे हजारों रुमाल १८९१ सालच्या दगडी इमारतींत आजवर टिकले याचें कारणही दगड, लोखंडी मांडण्या आणि गांठी यांत शोधावें, रंगांत नव्हे.

आमची पोथी आम्हीं या कामांतील एका जाणत्या गृहस्थांकडे नेली. त्यांनीं ती हातांत घेण्यापूर्वीं मोजे चढविले व तोंडाला फडकें बांधलें. आम्हांला तें थोडें नाटकी वाटलें. पिवळ्या पट्ट्या पाहून त्यांनीं एकच प्रश्न विचारला: “घरांत ही कोणी रोज वाचतें का?” आम्हीं आजोबांच्या बोटाची गोष्ट सांगितली. ते हंसले नाहींत. पोथी पिशवींत घालून, हवा दाबून काढून, त्यांनीं ती पंधरा दिवस शीतपेटींत ठेविली; बाहेर काढल्यावरही पिशवी एक दिवस उघडूं दिली नाहीं, कारण थंड कागदावर हवेंतील पाणी धरतें आणि काजळाची शाई पाण्यानें फुटते. मग मऊ कुंचल्यानें पान न् पान झाडलें. हरताळाला त्यांनीं हात लावला नाहीं. तो काढावयाचा नाहीं, असें त्यांचें म्हणणें. तो पोथीचाच भाग आहे.

जातां जातां त्यांनीं आम्हांला एक गंमत दाखविली. डोळ्यांना न दिसणारे, तांबड्या रंगाच्या अलीकडचे जे किरण असतात त्यांच्या उजेडांत छायाचित्र घेतलें तर हरताळ पारदर्शक होतो आणि खालची काजळाची शाई काळी दिसते. तशीं चार-पांच पानांचीं चित्रें त्यांनीं घेतलीं. सत्ताविसाव्या पानावर लेखकाची नजर चुकून एकच ओंवी दोनदां लिहिली गेली होती. दुसरीवर त्यानें हरताळ फासला होता. पहिली, बरोबर जागीं असलेली, कसरीनें खाल्ली आहे. तिचीं दोनच अक्षरें उरलीं आहेत. चुकून लिहिलेली, झांकलेली ओंवी मात्र त्या चित्रांत अथपासून इतिपर्यंत वाचतां आली. ती आम्हीं वेगळ्या कागदावर उतरून पोथीबरोबर ठेविली आहे. बासनाच्या गांठीला दुसरी एक चिठ्ठी बांधली आहे, तींत एवढेंच लिहिलें आहे: पानांवर हरताळ आहे, बोट जिभेला लावूं नये, वाचून झाल्यावर हात धुवावे.